संख्यामालिकेचा नियम कसा शोधायचा? रेषीय आणि वर्गीय क्रमिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोडला मी संध्याकाळी घरीच गणिताच्या शिकवण्या घेते. शिष्यवृत्तीला बसलेली मुलं 'संख्यामालिका' म्हणतात, दहावीची 'अंकगणिती श्रेढी' म्हणतात, कॉलेजातली 'सिक्वेन्स' म्हणतात. अडतात मात्र सगळी त्याच चार जागी. मुलं वहीत विचारतात, पालक रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. क्रमाने लिहिलेल्या संख्यांना मी इथे 'क्रमिका' म्हणते, आणि त्यातल्या प्रत्येक संख्येला 'पद'. पुस्तकात जिथे एन हे अक्षर असतं तिथे मी 'न' लिहिलं आहे. न म्हणजे पदाचा क्रमांक: पहिल्या पदासाठी न = १, दुसऱ्यासाठी न = २.

पुढची संख्या तर बरोबर सांगता येते. मग नियम कशाला हवा?

७, ११, १५, १९. पुढची २३, हे तिसरीतलं पोरही सांगेल. आता पन्नासावी सांगा.

चार-चार मिळवत गेलात तरी उत्तर येईल, पण वाटेत एकदा चुकलात की तिथून पुढचं सगळं चुकलं. 'मागच्या पदात ४ मिळवा' हासुद्धा नियमच आहे, पण तो जिन्यासारखा. पन्नासाव्या पायरीवर जायचं तर खालच्या एकोणपन्नास चढाव्याच लागतात. आपल्याला हवा तो नियम क्रमांकावरून थेट पदाकडे नेणारा: क्रमांकाला ४ ने गुणा, ३ मिळवा. ४ × ५० + ३ = २०३. लिहायचं ४न + ३. 'न-वं पद काढा' असा प्रश्न आला की हेच मागितलेलं असतं.

क्रमिका रेषीय आहे हे कसं ओळखायचं?

शेजारच्या पदांमधले फरक काढा. सगळे सारखे आले तर रेषीय. रेषीय का म्हणायचं, तर आलेखावर हे बिंदू एका सरळ रेषेत पडतात. अंकगणिती श्रेढी म्हणतात ती हीच.

एक अट मात्र पाळा. फरक सगळ्या दिलेल्या पदांचे काढा. ३, ७, ११, १६ मध्ये पहिले दोन फरक बघून '४न − १' लिहून मोकळी झालेली मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात.

फरक ४ आहे, मग नियम 'न + ४' का नाही?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि चूकही समजण्यासारखी आहे. 'चार वाढतात' हे डोक्यात असतं, म्हणून हात आपोआप + ४ लिहितो. पण न + ४ मध्ये न एकने वाढला तर उत्तरही एकनेच वाढतं: ५, ६, ७, ८. आपल्याला न एकने वाढल्यावर उत्तर चारने वाढायला हवं आहे. ते काम ४न करतं. म्हणजे फरक नेहमी न च्या आधी, गुणक म्हणून येतो.

वेगळं पाठांतर नको. ४ चा पाढा लिहा, त्याखाली आपली क्रमिका लिहा:

पाढा: ४, ८, १२, १६
क्रमिका: ७, ११, १५, १९

प्रत्येक जागी क्रमिका पाढ्याच्या ३ ने पुढे आहे. म्हणून ४न + ३. रेषीय क्रमिका म्हणजे सरकवलेला पाढा, एवढंच. पाढे पक्के असलेल्या मुलाला इथे सूत्राची गरजच पडत नाही.

पण तो ३ आला कुठून? पहिलं पद तर ७ आहे.

इथे मी नेहमी मांडवाचं उदाहरण देते. घरापुढे एका रांगेत मांडव घालायचा आहे. एका खणाला चार खांब लागतात. दुसरा खण जोडायचा तर चार लागत नाहीत, दोनच. कारण मधले दोन खांब दोन्ही खणांना सामाईक. म्हणून ४, ६, ८, १०.

फरक २, म्हणजे २न. पाढा २, ४, ६, ८. क्रमिका प्रत्येक जागी २ ने पुढे. नियम २न + २. आता हे शेवटचे दोन खांब कोणते? अजून एकही खण झालेला नसताना जी पहिली जोडी उभी केली ती. तिच्यानंतर प्रत्येक खणाला दोन-दोन. म्हणजे + २ हे 'शून्यावं पद' आहे, मोजणी सुरू होण्याआधीची स्थिती.

७, ११, १५ मध्ये ७ च्या मागे एक पाऊल गेलात तर ३ येतो. तोच तो ३. पहिल्या पदातून फरक वजा करा, शेवटी मिळवायची संख्या हातात येते.

शाळेत 'अ + (न − १)ड' शिकवलंय. तुमची पद्धत वेगळी आहे का?

नाही, तीच आहे. अ म्हणजे पहिलं पद, ड म्हणजे फरक. ७ + (न − १) × ४ सोडवलं की ४न + ३ च येतं. शाळेचं सूत्र पहिल्या पदापासून चालायला लागतं आणि न − १ पावलं टाकतं. मी शून्याव्या पदापासून न पावलं टाकते. बोर्डाच्या पेपरात शाळेचंच सूत्र लिहा, पायऱ्यांचे गुण असतात. पडताळा मात्र पाढ्याने घ्या, दहा सेकंद लागतात.

क्रमिका उतरती असेल तर?

फरक ऋण घ्यायचा, बाकी काही बदलत नाही. ४०, ३७, ३४, ३१: फरक −३, शून्यावं पद ४३, नियम ४३ − ३न. 'मॅडम, वजा आलं म्हणजे चुकलं का?' असं दबक्या आवाजात विचारणाऱ्यांसाठी: नाही.

अमुक संख्या या क्रमिकेत येते का, हे कसं सांगायचं?

नियम त्या संख्येएवढा मांडा आणि न काढा. १५० ही संख्या ४न + ३ मध्ये आहे का? ४न = १४७, न = ३६.७५. पावणेसदतिसावं पद नसतं, म्हणून नाही. न पूर्ण आणि धन आला तरच ती संख्या क्रमिकेत असते.

फरक सारखे येत नाहीत. आता काय?

फरकांचे फरक काढा.

हे शिकवायला मला ठिपक्यांच्या रांगोळीइतकं चांगलं साधन सापडलेलं नाही. पाडव्याच्या आधी गोदाघाटावर पाडवा पटांगणात काढतात त्या महारांगोळीसमोर आपण नुसते बघत राहतो, पण अंगणात रोज ठिपके मांडणाऱ्या आजीला विचारा. ती 'पंधरा ते आठ' असं सांगेल. म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत. षटकोनी आकार तयार होतो. याच घराण्यातल्या छोट्या रांगोळ्या म्हणजे तीन ते दोन, पाच ते तीन, सात ते चार.

ठिपके मोजू. एकटा ठिपका: १. तीन ते दोन: २ + ३ + २ = ७. पाच ते तीन: ३ + ४ + ५ + ४ + ३ = १९. सात ते चार: ३७. नऊ ते पाच: ६१.

क्रमिका: १, ७, १९, ३७, ६१
पहिले फरक: ६, १२, १८, २४
दुसरे फरक: ६, ६, ६

पहिले फरक वेगवेगळे, दुसरे सारखे. अशी क्रमिका वर्गीय, म्हणजे तिच्या नियमात न² असतो आणि त्याहून मोठा घात नसतो.

दुसरा फरक ६ आहे, तर ६न² घ्यायचं का?

नाही, ३न². निम्मं. 'का निम्मं?' हे न विचारता पाठ करणारी मुलं परीक्षेच्या दिवशी निम्मं करायचं की दुप्पट, यावर अडकतात. म्हणून एकदा डोळ्यांनी बघा. नुसते वर्ग लिहा: १, ४, ९, १६, २५. फरक ३, ५, ७, ९. दुसरे फरक २, २, २. म्हणजे एका न² मुळे दुसऱ्या फरकात २ येतात. रांगोळीत दुसरा फरक ६ आला आहे, म्हणजे त्यात तीन न² बसलेले आहेत. दुसरा फरक १० असेल तर ५न², १ असेल तर अर्धा न².

बीजगणिताने पाहायचं असेल तर अन² + बन + क या नियमात (अ, ब, क या ठरलेल्या संख्या; इथला अ म्हणजे पहिलं पद नव्हे) न च्या जागी न + १ घालून मूळ पद वजा करा. पहिला फरक २अन + अ + ब येतो. तो स्वतःच रेषीय आहे आणि त्याची वाढ २अ. दुसरा फरक म्हणजे हाच २अ.

मग पूर्ण नियम कसा काढायचा?

न² चा भाग वजा करून टाका. जे उरतं ते रेषीय असतं, आणि रेषीय तर आपल्याला येतंच.

क्रमिका: १, ७, १९, ३७
३न²: ३, १२, २७, ४८
उरलं: −२, −५, −८, −११

उरलेल्यात फरक −३, शून्यावं पद १. म्हणजे −३न + १. एकत्र नियम: ३न² − ३न + १.

आजीची 'पंधरा ते आठ' ही या क्रमिकेतली आठवी रांगोळी. ३ × ६४ − २४ + १ = १६९. ओळींनी मोजून पाहू: मधली १५, आणि ८ ते १४ ची बेरीज ७७ दोनदा, म्हणजे १५ + १५४ = १६९. जुळलं. हा दुसऱ्या वाटेने घेतलेला पडताळा मी सोडू देत नाही. ज्या पदांवरून नियम काढला त्याच पदांवर तो तपासून 'बरोबर आलं' म्हणण्यात काय अर्थ आहे?

याहून झटपट पद्धत आहे का?

आहे. शून्यावं पद इथेही काढा. पहिले फरक ६, १२, १८. मागे गेलं तर त्यांच्या आधीचा फरक ०. म्हणून १ च्या आधीचं पदही १. न = ० ठेवल्यावर नियमात फक्त क उरतो, म्हणजे क = १. अ = ३ आधीच माहीत आहे. पहिल्या पदावरून अ + ब + क = १, म्हणून ब = −३. झालं. तीन समीकरणं मांडून सोडवणारेही असतात. ते चूक नाही, पण स्पर्धा परीक्षेत तेवढा वेळ कोणाकडे असतो?

उत्तरात अपूर्णांक आला. चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. गल्लीतल्या कबड्डीचं उदाहरण घ्या. प्रत्येक संघ बाकी प्रत्येकाशी एकदा खेळणार. १ संघ: ० सामने, २ संघ: १, ३ संघ: ३, ४ संघ: ६, ५ संघ: १०. पहिले फरक १, २, ३, ४. दुसरा फरक १. म्हणून अर्धा न². वजा केल्यावर −½, −१, −१½ उरतात, म्हणजे −½न. नियम: ½न² − ½न, किंवा न(न − १) ÷ २.

सामने अर्धे कसे येतील, ही भीती वाटते. न आणि न − १ या शेजारच्या संख्या, त्यातली एक सम असणारच. त्यामुळे दोनने भाग नेहमी जातो. ८ संघांना २८ सामने.

दहावीच्या पुस्तकात वर्गीय क्रमिका नाही. मग हे शिकायचं कशाला?

नावाने नाही, पण आहे. गणित भाग १ मधल्या तिसऱ्या प्रकरणात पहिल्या न पदांच्या बेरजेचं सूत्र आहे: (न ÷ २) × [२अ + (न − १)ड]. हे सोडवलंत तर त्यात न² येतो. ७, ११, १५, १९ च्या बेरजा करत जा: ७, १८, ३३, ५२. त्यांचे फरक ११, १५, १९, आणि दुसरा फरक ४, म्हणजे मूळ क्रमिकेचा फरकच. रेषीय क्रमिकेच्या बेरजा म्हणजे वर्गीय क्रमिका. मुलं हे वर्षभर करत असतात, फक्त कोणी नाव सांगितलेलं नसतं.

भौतिकशास्त्रातही हीच गोष्ट भेटते. हवेचा अडथळा सोडून दिला तर पडणारा दगड पहिल्या सेकंदात जेवढं अंतर कापतो त्याच्या तिप्पट दुसऱ्या सेकंदात, पाचपट तिसऱ्यात. १, ३, ५, ७ हे गॅलिलिओने दाखवलेलं प्रमाण. एकूण अंतरं १, ४, ९, १६ पट. खाली पडणाऱ्या दगडातही दुसरा फरक सारखाच!

हे गणित आपल्याकडे जुनं आहे का?

चांगलंच जुनं. आर्यभटाच्या ४९९ मधल्या आर्यभटीयात श्रेढीच्या बेरजेचा नियम आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत 'श्रेढीव्यवहार' असं स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या पदाला आदि किंवा मुख, फरकाला चय, शेवटच्या पदाला अंत्यधन, बेरजेला सर्वधन. पदसंख्येतून एक कमी करा, चयाने गुणा, मुख मिळवा, की अंत्यधन: शाळेतलं अ + (न − १)ड शब्दांत. 'श्रेढी' हा आपल्या पुस्तकातला शब्द तिथूनच आलेला.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेखही माहीत असू द्या. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची १२०७ ची नोंद त्या शिलेवर आहे. नाशिकरोडहून भुसावळच्या गाडीत बसलात की चाळीसगाव वाटेतच लागतं.

तीनच पदं दिली असतील तर नियम काढता येतो का?

काढता येतो, पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही. कुठलीही तीन पदं घ्या, एकच दुसरा फरक निघतो आणि तो स्वतःशी सारखा असणारच! त्यामुळे कोणत्याही तीन संख्यांतून एखादा वर्गीय नियम नेता येतो. वर्गीय आहे असं म्हणायला निदान चार पदं हवीत, रेषीय म्हणायला निदान तीन.

२, ४, ८ नंतर काय? वर्गात विचारलं की एका सुरात '१६'. मग मी टेबलावर बांगड्या ठेवते. एक बांगडी ठेवली की टेबलाचे दोन भाग होतात, आतला आणि बाहेरचा. दुसरी पहिलीवर अर्धवट सरकवून ठेवली की चार. तिसरी दोघींना छेदून ठेवली की आठ. चौथी? जास्तीत जास्त चौदा. सोळा करायला मुलं बांगड्या सरकवत बसतात, होत नाहीत. एकदा एका मुलीने लंबगोल कडं आणलं होतं. ती हुशारी मान्य, पण आपला खेळ सारख्या गोल बांगड्यांचा.

२, ४, ८, १४: फरक २, ४, ६, दुसरा फरक २. नियम न² − न + २. आणि याला कारण आहे. नवी बांगडी आधीच्या प्रत्येक बांगडीला फार तर दोन जागी छेदते. चौथी बांगडी तिघींना सहा जागी छेदते, त्या सहा छेदांनी तिचे सहा तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा एका जुन्या भागाचे दोन करतो. म्हणून ६ भाग वाढतात. दुपटीमागे असं काही कारण नव्हतं, ती फक्त दिसत होती.

पाच-सहा पदं जुळली तर नियम सिद्ध झाला ना?

नाही. आणि याचं उदाहरण नाशिककरांना लांब शोधायला नको.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचं नाव जगभर माहीत आहे. त्यांनी काही संख्यांना आपल्या गावाचं नाव दिलं: देवळाली संख्या. स्वयंभू असंही म्हणत. कल्पना सोपी आहे. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ पासून १५ + १ + ५ = २१ तयार होते. म्हणजे २१ ला जन्मदाता आहे. ज्या संख्येला असा जन्मदाता मिळतच नाही, ती देवळाली संख्या.

लहानापासून शोधत गेलात तर १, ३, ५, ७, ९ मिळतात. फरक २, २, २, २. नियम २न − १, विषम संख्या! पाच पदं जुळली, कोणीही सही करून देईल. पुढची देवळाली संख्या ११ हवी. पण १० + १ + ० = ११, म्हणजे ११ ला जन्मदाता आहे. १३ ला ११ आहे, १५ ला १२ आहे. पुढची देवळाली संख्या थेट २०.

आणि मग ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. आता फरक सगळीकडे ११. नवा नियम सापडल्याचा आनंद होतो न होतो तोच पुढची ११९ न येता ११० येते.

फरकांचा तक्ता चुकला नाही. त्याने पाहिलेल्या पदांबद्दल जे सांगितलं ते खरंच होतं. न पाहिलेल्या पदांबद्दल बोलायला कारण लागतं: मांडवात प्रत्येक खणाला दोन खांब का, बांगडीमुळे सहाच भाग का वाढले. रांगोळीतही तेच. प्रत्येक नवी रांगोळी म्हणजे जुनीभोवती ठिपक्यांचं एक कडं. षटकोनाला सहा बाजू, प्रत्येक बाजूवर आधीच्या कड्यापेक्षा एक ठिपका जास्त, म्हणून कडी ६, १२, १८. ते कळल्यावर शंभरावी रांगोळी न काढताही तिचे ठिपके छातीठोक सांगता येतात. देवळाली संख्यांच्या पहिल्या पाच पदांमागे आपल्याकडे असं कारण नव्हतं, नुसता फरक होता.

सिंहस्थ दर १२ वर्षांनी येतो. मग ती रेषीय क्रमिका झाली ना?

२००३, २०१५, २०२७. फरक १२, नियम १२न + १९९१. दिसायला स्वच्छ. पण हा नियम पंचांगातल्या गुरूच्या चालीवर उभा आहे. नाशिकला पर्व येतं ते गुरू सिंह राशीत आला की. गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी पूर्ण १२ वर्षांची नसते, साधारण ११.८६ वर्षांची असते. दर फेरीत थोडा-थोडा फरक साठत जातो आणि कधीतरी बाराच्या जागी अकरा वर्षं येतात. हरिद्वारचे कुंभ बघा: १९८६, १९९८, २०१०, आणि मग २०२२ नाही, २०२१. चौथ्या पदाला रेषा मोडली, आणि का मोडली हेही सांगता येतं.

दुसरा फरकही सारखा आला नाही तर?

तिसरा काढा. तो सारखा आला तर नियमात न³ आहे. पण फरक काढतच राहू नका, आधी भागाकार करून बघा. ५, १०, २०, ४० चे फरक ५, १०, २०, म्हणजे तीच क्रमिका परत. असं झालं की ती गुणाकाराची, भूमिती श्रेढी. सरळ व्याजाची रास रेषीय असते, चक्रवाढीची या जातीची. १, १, २, ३, ५, ८ चेही फरक काढले तर तीच क्रमिका थोडी सरकून येते; तिथे मागची दोन पदं मिळवायची असतात.

एक्सेलमध्ये करता येतं का?

येतं. एका रकान्यात पदं, शेजारच्या रकान्यात खालच्यातून वरचं वजा, त्याच्या शेजारी पुन्हा तेच. पण पहिली वीस-पंचवीस गणितं हाताने करा. वजाबाकीच कच्ची असेल तर तेही तेव्हाच कळतं, आणि माझ्या अनुभवात निम्म्या चुका तिथेच होतात, विशेषतः ऋण संख्या वजा करताना.

मुलगा सूत्र पाठ करतो पण गणित येत नाही. घरी काय करू?

सूत्राची वही आठवडाभर बाजूला ठेवा. त्यालाच क्रमिका तयार करायला सांगा: 'तू नियम ठरव, मी ओळखते.' न² + ५ ठरवून पदं लिहिताना फरक कसे वाढतात हे त्याच्या हातातून जातं. तुम्ही मुद्दाम चुका, त्याला पकडू द्या. माझ्याकडे हा खेळ गणिताला घाबरणाऱ्या मुलांनीच जास्त रंगवला आहे.

सरावाला काही गणितं द्याल का?

९, १४, १९, २४. उत्तर ५न + ४.

१००, ९३, ८६, ७९. उत्तर १०७ − ७न.

३, ८, १५, २४. उत्तर न² + २न. याचं न(न + २) करून बघा, पदं कुठून आली ते लगेच दिसेल.

४, ५, ८, १३. उत्तर न² − २न + ५. इथे शून्यावं पद काढायला मागे गेलात तर फरक −१ येतो. बरीच मुलं तिथे १ लिहितात.

२, ९, २०, ३५. उत्तर २न² + न − १.

११०, १२१, १३२, १४३. फरक ११, नियम ११न + ९९. या १०८ नंतरच्या देवळाली संख्या आहेत. नियम किती पदांपर्यंत टिकतो ते कागद-पेन्सिल घेऊन स्वतः शोधा. उत्तर मी इथे लिहीत नाही, वही घेऊन या.